कडू बदामाची मोड

सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी मोगलाईतली वाट आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जाई. सतराव्या शतकात त्या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये नवापूरच्या विणकरांची आणि कस्तुरीसारख्या घमघमणाऱ्या तांदळाची नोंद करतो, मग नंदुरबार, थाळनेर करत पुढे सरकतो. पण १६७६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हिऱ्यांपेक्षा मला मोलाची वाटते ती चिल्लरीची हकिगत. गुजरातेत तेव्हा पैशाखालची मोड म्हणून इराणातल्या लार मुलखातले कडू बदाम चालत, पैशाला ३५-४०. इतके कडू, की पोरं खाऊन टाकतील ही धास्तीच नको. झुडपं धरली नाहीत, की त्या साली त्यांचा भाव चढे. ना शिक्का, ना बादशहाचं नाव, तरी बाजाराची देणीघेणी भागत. चिल्लर राजाच्या हुकमावर चालत नाही, पुढचा हात ती घेईल या भरवशावर चालते, हे माझं म्हणणं उभं आहे ते या बदामांवर.

कोणी म्हणेल, बदाम ही अडल्या वेळेची सोय. खरं नाणं तांब्याचं आणि त्याला सरकारी छाप हवाच. छाप हवा, कबूल. वजन तपासायचा त्रास तेवढा वाचतो. पण तांबं महागलं तेव्हा औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या आरंभीच २१ माशांचा पैसा १४ माशांवर आणावा लागला. बादशहा धातूच्या भावापुढे नमला. रोमच्या पोपकडे तर बादशहाहून वजनदार छाप होता. तिथे शंभर बायोक्कोंचा एक स्कूदो. अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंचांच्या धास्तीत तिजोरी आटली, तेव्हा सहाव्या पायसने अडीच बायोक्कोंचं तांब्याचं नाणं पाडलं, त्यावर संत पीटरचा मुखडा. पाच बायोक्कोंच्या नाण्यावर मरियम. लोकांनी नावं दिली तीही लाडकी, ‘सामपिएत्रीनो’ आणि ‘मादोन्नीना’. पण अंगच्या तांब्याहून कितीतरी मोठा आकडा कोरलेली ही नाणी ढिगाने आली आणि महागाई भडकली. संतांच्या मुखड्यानेही ती थोपली नाही.

मग आजची नाणी कशी चालतात, त्यांत तरी धातू कुठे मोलाचा आहे? आक्षेप रास्त आहे. सरकार ती करात परत घेतं, बँक बदलून देते, म्हणून चालतात. म्हणजे भरवसा इथेही घेणाऱ्या हाताचाच. तो डळमळला की काय होतं, हे दहा रुपयांच्या नाण्याने दाखवलं. चौदाही नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं, कारण अशोकस्तंभ डोळ्यांसमोर असूनही दुकानदार मान हलवत होते. तोच दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतो. तीही लारच्या बदामाच्याच कुळातली म्हणायची, पण ती गोड असते, पोरं खाऊन टाकतात आणि दुकानदार ती परत घेत नाही.