सरांचा डबा

२०१६ च्या उन्हाळ्यात आईला स्तनाचा कर्करोग निघाला. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तिची केमो सुरू झाली. बाहेरच्या बाकावर मी दिवसभर एकच घोकत बसायचो, आईलाच का?

एका दुपारी त्या बाकावर प्राणिशास्त्राचे माझे सर येऊन बसले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, तरी उस्मानपुऱ्याहून भर उन्हात स्कूटरवर आले होते. हातात धपाट्यांचा स्टीलचा डबा. "खा आधी," म्हणाले, आणि नेहमीसारखे विषयावर आले.

"मुंबईत कमल रणदिव्यांनी उंदरांवर काम केलं, वर्गात सांगितलं होतं तुला. उंदराला स्तनाचा कर्करोग का होतो, हे बाई शोधत होत्या. आता उलटंही विचारतात. पेशी तर सगळ्यांच्याच बिघडतात, मग सगळ्यांनाच का होत नाही?"

मग त्यांनी आफ्रिकेत जमिनीखाली राहणाऱ्या, अंगावर केस नसलेल्या नेकेड मोल रॅटबद्दल सांगितलं. अंगाने उंदराएवढाच. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, हा तीस वर्षं ओलांडतो, आणि कर्करोग त्याला क्वचितच होतो. रोशेल बफेनस्टाइन यांच्या गटाने २०१५ साली कृंतकांच्या वेगवेगळ्या जाती ताडून पाहिल्या. विषारी द्रव्यांशी झुंजणारी जनुकं चालू करणारं एनआरएफ२ हे प्रथिन सगळ्यांकडेच होतं. दीर्घायुषी जातींत ते जास्त नव्हतं, त्याला धरून ठेवणारं कीप१ कमी होतं.

सरांनी माझं मनगट गच्च धरलं. "हलव." हलेना. मग बोटं सैल केली. "हात तोच आहे ना? फरक पडला तो पकडीचा." क्षणभराने म्हणाले, "पण पकड पार सुटूनही चालत नाही. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत तीच बिघडलेली सापडते. यातून तुझ्या आईला औषध मिळेल, असं खोटं सांगणार नाही. पण तिच्या शरीराने एकसष्ट वर्षं हा तोल सांभाळलाय, तेवढं विसरू नको."

तोवर आईच्या शरीराने दगा दिला, असंच मी धरून चाललो होतो. त्या रात्री सुयांनी काळानिळा पडलेला तिचा हात हातात घेतला, आणि त्या हाताबद्दल कितीतरी दिवसांनी माया दाटून आली. सरांचं ऋण ते हेच.

आई सावरली. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून "पुरणाच्या पोळ्या करून देऊ" म्हणत राहिली. तिच्या हातात पोळी लाटायचं बळ आलं, त्याआधी सर गेले.

डबा आमच्याकडेच राहिला. मी तो रोज कॉलेजला नेतो. जनुकांचं नियमन शिकवायची वेळ आली, की पहिल्या बाकावरच्या पोराचं मनगट धरतो आणि म्हणतो, "हलव."