ओंडक्यांचे घर

खेळण्यांशी खेळायचे वय नेमके कधी संपते, हे मला अजून उलगडलेले नाही. गेल्या दिवाळीत मात्र एका खेळण्यानेच माझ्याशी खेळ केला. त्याची ही हकीकत.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. दिवाळीला तो गावी आला, तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या भाच्यासाठी पत्र्याचा एक गोल डबा घेऊन आला. भाच्याने डबा उपडा केला आणि ओसरीवर लाकडी ओंडक्यांचा खच पडला. पाऊण इंच जाडीचे, तपकिरी रंगाचे ओंडके. काही बोटभर, काही वीतभर. प्रत्येकाच्या टोकाजवळ वरून एक खाच, खालून एक खाच. ना खिळा, ना स्क्रू, ना सरस. एक आडवा, एक उभा असे रचत जायचे, खाचेत खाच बसवायची आणि वर हिरव्या पट्ट्यांचे छप्पर घातले की झोपडी तयार! डब्यावर नाव होते 'लिंकन लॉग्ज'.

आमचे घर सुताराचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक ओंडका उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खाचेवरून अंगठा फिरवला. "ज्यानं हे काढलं, तो आपल्यातलाच असणार," ते म्हणाले. बोलले ते ओसरीला उद्देशून; माझ्याकडे पाहून नव्हे.

इथे थोडे मागे जायला हवे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आप्पांच्या कारखान्यात राबलो. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. दोन महिने करवत आणि रंधा चालवून हाताला घट्टे पडले. कॉलेज उघडायच्या वेळी मी मजुरी मागितली. आप्पांनी मान वर न करताच विचारले, "घरच्या पोराला कसली रे मजुरी?" मी हातातली पटाशी फळीवर ठेवली आणि बाहेर पडलो. त्यानंतर शेडमध्ये पाऊल टाकले नाही. संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात बसून फीचे पैसे उभे केले. घरात भांडण असे झालेच नाही. फक्त बोलणे कमी झाले.

तेव्हा 'आपल्यातला' तो कोण, हे शोधायचे मी ठरवले, ते आप्पांना खोटे पाडण्यासाठीच. ग्रंथालयात आणि इतरत्र मिळेल ते वाचले. हे खेळणे काढणारा जॉन लॉइड राइट सुतार नव्हता. फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराचा तो मुलगा. फ्रँक टोकियोत इंपीरियल हॉटेल बांधत होता आणि जॉन त्याच्या हाताखाली काम करीत होता. त्या इमारतीच्या बांधणीतल्या, एकमेकींत अडकणाऱ्या तुळया पाहून जॉनला ओंडक्यांची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पण पुढची ओळ वाचली आणि पुस्तक हातातच राहिले. जॉनने आपला थकलेला पगार मागितला होता. त्यावरून वाद झाला आणि बापाने मुलाला कामावरून काढून टाकले!

परत येऊन जॉन खेळण्यांच्या धंद्यात पडला. १९२० साली त्याला आपल्या ओंडक्यांचे पेटंट मिळाले. ओंडक्यांची घरे बांधण्याची रीत अमेरिकेत सतराव्या शतकात स्वीडिश आणि फिनिश वसाहतकऱ्यांनी नेली होती. अब्राहम लिंकन १८०९ मध्ये जन्मला तो अशाच एका झोपडीत. म्हणून खेळण्याला त्याचे नाव. पण चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. फ्रँकचे जन्माच्या वेळचे मधले नावही लिंकनच होते. पुढे ते त्याने टाकून दिले. बापाने टाकलेले नाव मुलाने खेळण्याला द्यावे, यात राग किती आणि ओढ किती, कोण सांगणार?

या घराण्यात लाकडी ठोकळे आले ते त्याही आधी. जर्मनीतल्या फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली. गोल, घन, ठोकळे यांच्याशी खेळत मुलाने शिकावे, असा त्याचा आग्रह होता. १८७६ च्या फिलाडेल्फियातील प्रदर्शनात फ्रँकच्या आईने ही साधने पाहिली आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी आणली. त्या मेपलच्या ठोकळ्यांचा स्पर्श फ्रँक म्हातारपणीही विसरला नव्हता. आजीने आणलेले ठोकळे बापाच्या हातून इमारती होऊन गेले आणि नातवाच्या हातून पुन्हा खेळणे झाले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी, हॉटेलच्या उद्घाटनाच्याच दिवशी, टोकियोला प्रचंड भूकंपाने गाठले. हॉटेलचे नुकसान झाले, पण ते उभे राहिले. पुढे १९६८ पर्यंत मात्र माणसांनीच ते पाडले. त्याचा दर्शनी भाग तेवढा मेइजी-मुरा या संग्रहालयात पुन्हा उभारला आहे. मुलाची झोपडी मात्र रोज पडते आणि रोज उभी राहते. १९४३ मध्ये जॉनने धंदा दुसऱ्या कंपनीला विकला. १९७० नंतरच्या दशकात प्लास्टिकचे ओंडके काढून पाहिले. पण लवकरच पुन्हा लाकडाकडेच यावे लागले. हाताला लाकूड कळते, हे आप्पा नेहमी सांगतात, ते काही उगाच नाही.

शंभर वर्षे उलटूनही हे खेळणे का टिकले? मला वाटते, त्या खाचेमुळे. आख्खा ओंडका आख्ख्या ओंडक्यावर ठेवला तर तो घरंगळतो. दोघांनीही आपल्यातले थोडे लाकूड सोडले, तरच सांधा बसतो. आणि खिळा नसल्यामुळे मोडले तरी काही तुटत नाही. पुन्हा मांडता येते. जॉनने १९४६ मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिले. 'आकाशातल्या पित्या' या ख्रिस्ती प्रार्थनेच्या धर्तीवर त्याने नाव दिले: 'पृथ्वीवरचा माझा पिता'. त्या नावात टोमणाही आहे आणि प्रेमही.

भाऊबिजेपर्यंत भाच्याने दोन ओंडके हरवले. रात्री शेडमध्ये दिवा दिसला म्हणून डोकावलो. आप्पा सागाच्या तुकड्यातून ओंडका घडवीत होते. खाच घट्ट झाली होती, बसेना.

"सैल झाली तर भिंत डुलते, घट्ट झाली तर लाकूड चिरतं," ते म्हणाले. "गुण्या धर जरा."

मी गुण्या धरला. मग हळूच विचारले, "आप्पा, हे खेळणं काढणाऱ्याला बापानं का हाकललं, माहीत आहे?"

"का?"

"पगार मागितला म्हणून."

पटाशी थांबली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पोरगं कामाचं होतं का?"

"होतं."

ते पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या तपकिरी झोपडीत सागाचे दोन पिवळसर ओंडके उठून दिसत होते. भाच्याने ती झोपडी दुपारपर्यंत तीनदा पाडली.

आता मी दर रविवारी शेडमध्ये जातो. गेल्या महिन्यात कारागिरांच्या हजेरीची वही हाती आली. शेवटच्या पानावर आप्पांच्या वळणदार अक्षरात माझे नाव होते. खाली चार रविवारांच्या चार खुणा. रकमेचा रकाना अजून कोराच आहे.

मी तो भरायला सांगितलेला नाही. आप्पांनी ते पानही फाडलेले नाही.

(तृतीय वर्ष, कला)