एका पावसाळ्यापुरती जमीन

लालबाग-परळच्या चाळींतल्या आम्हा कोकणी घरांत गावच्या जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : कागद करू नका, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. या भीतीपायी कोकणातली माती धुपून चालली आहे आणि त्याचा मला संताप येतो. जमीन द्यायची ती तोंडी, अर्धेलीने, एका पावसाळ्यापुरती. हक्क शाबीत होऊ नये म्हणून पुढच्या वर्षी माणूसच बदलायचा. मग कसणाऱ्याने करावं काय? शेणखताचा गुण एका हंगामात संपत नाही, पुढच्या पिकांनाही तो मिळत राहतो. उतारावरच्या खाचराचा बांध पावसाआधी दगड लावून पक्का केला, तर माती वर्षानुवर्षं अडते. पण पुढचं वर्ष आपलं नसेल तर माणूस युरियाची गोणी आणतो, कारण ती याच भातात वसूल होते. फुटलेल्या बांधात पेंढा नि चिखल कोंबून वेळ निभावतो. त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. त्याचा हिशेब चोख आहे.

भीतीला इतिहास आहे. 1948 च्या कुळकायद्याने पुढे 1 एप्रिल 1957 पासून कुळांना मालक मानलं, आणि ते न्याय्यच होतं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी ओस ठेवल्या, जानेवारी 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोतीविरुद्ध मुंबईच्या कौन्सिलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, ते उगाच नव्हे. पण तेव्हा जे राबत होते त्यांना जमीन मिळाली. नंतर आलेल्यांना साधा लेखी करारही मिळेना. कोणी म्हणेल, मालकी असूनही शिरोळकडची उसाची जमीन क्षारपड झालीच ना? झाली. नुसता हक्क पुरत नाही, हे खरं. शहरातही तेच झालं : 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे गिरगावच्या भाडेकरूला कोणी सहज हलवू शकलं नाही, पण गोठलेल्या भाड्यात छपराला हात कोण लावणार? शेवटी 1969 मध्ये इमारतींच्या दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला. खर्च करणाऱ्याच्या पदरात फळ पडायला हवं, मग ते छप्पर असो की खाचर.

2016 मध्ये नीती आयोगाने पुढे आणलेल्या आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्यात तेवढंच आहे : ठरावीक मुदतीचा लेखी करार, मुदत संपताच जमीन मालकाकडे, आणि कसणाऱ्याने केलेल्या सुधारणेचा उरलेला मोबदला त्याला. मालकाची भीती त्यात ऐकून घेतली आहे, म्हणून माझा त्याला पाठिंबा आहे. तरी करार झाला तर तो पाच-सात वर्षांचाच व्हावा. त्याहून कमी मुदतीत बांधावर कोणी पैसा घालणार नाही. शिवाय सातबाऱ्यावरचे वारस गिरगावपासून विरारपर्यंत पांगलेले, त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करायला आमच्यातलं कोण पुढे येणार, हा प्रश्न कोणताही कायदा सोडवणार नाही.