बूट उतरणीसाठी घे

अगं,

तुझं पत्र आलं आणि मी ते आधी दारातच उभ्याने वाचलं, मग चहा घेऊन पुन्हा. कोलोरॅडोतले तुझे शेजारी ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला डोंगरात जाणार आणि तू कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे! भुईकोट किल्ल्यात सहलीला गेलो की दर दहा पावलांनी "बसू या का गं?" म्हणणारी तू! सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, मोठ्याने बोलत जा, बिचारी हरणं वेळेत पळतील तरी." तुला सांगते, मलाही तेच वाटलं. आपल्याकडे शिकार कायद्याने बंद आहे आणि ती तशीच बंद राहो. नान्नजच्या माळावर काळवीट उड्या मारत गेलं की आजही मन भरून येतं. माळढोक दिसणं मात्र फार दुर्मीळ झालंय गं.

पण तू विचारलंस बुटांचं, आणि बरं झालं मलाच विचारलंस. सोलापूर कितीही सपाट असलं तरी आमचा गट हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठतो आणि तिथून सह्याद्रीत शिरतो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असतेच. तोरण्यावरून राजगडला जाणारी वाट तर माझ्या फार जिवाची. बुधला माचीवरून उतरायचं, लांबलचक सोंड तुडवायची आणि संजीवनी माचीवरून राजगडात शिरायचं. दम चढताना लागतो, पण पायांची खरी परीक्षा उतरताना. गुंजवण्याच्या बाजूला चोर दरवाजातून उतरताना कितीतरी जणांचे अंगठे बुटात पुढे आपटतात आणि घरी येईपर्यंत नखं काळी पडतात.

म्हणून गेल्या आठवड्यात भाचीसाठी बूट घ्यायला गेले, तेव्हा मी तिला दुकानाच्या पायऱ्या सारख्या उतरायला लावल्या. दुकानदार म्हणाले, "ताई, सोलापुरात डोंगर कुठाय?" बाकावर बसलेल्या एका आजोबांनी काळजीने विचारलं, "पोरीला भरतीला पाठवताय का?" भाची लाजून लाल, पण बूट मात्र नेमका मिळाला. तूही तसंच कर. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. डोंगरात घालणार तेच जाड मोजे घालून बघ. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि चढताना टाच आत उचलली जाता कामा नये. टाच हलली की फोड आलाच.

आता तुझ्या शिकारी मंडळींचे बूट इतके उंच आणि ताठ का, ते सांगते. ते वाट सोडून आडव्या उतारावर तासन् तास चालतात. तिथे पूर्ण पाऊल टेकत नाही, सोलच्या नुसत्या कडेवर उभं राहावं लागतं. सोल मऊ असला की तो वाकतो आणि घोटा मुरगळतो. शिवाय परतताना त्यांच्या पाठीवर मांसाचं ओझं असतं. दुकानात बूट हातात घे आणि फडकं पिळतात तसा पिळून बघ. सहज पीळ बसला, तर तो त्या उतारांसाठी नाही. तुझ्या पाठीवर कॅमेरा आणि पाणी एवढंच असेल, तेव्हा अगदी लाकडासारखा ताठही नको. घोटा झाकणारा, मधे घट्ट आणि चवड्याशी थोडा वाकणारा घे.

सोलची नक्षी खोल हवी. 1935 साली आल्प्समध्ये विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे 6 सोबती दगावले. त्यांच्या पायांतले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडणारे नव्हते. त्याच दुःखातून त्याने खोल नक्षीचा रबरी सोल तयार केला. बुटाच्या तळाशी 'विब्राम' लिहिलेलं दिसतं ना, ते त्याच्याच नावावरून. बुटावर सहा जीव अवलंबून असू शकतात, हे वाचल्यापासून मी या खरेदीत घासाघीस करत नाही.

एका बाबतीत मात्र माझं ऐकू नकोस. आमच्याकडे पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूट नकोसे होतात. पाणी वरून आत जातं आणि आतच डुचमळत राहतं, त्यापेक्षा निथळणारा जाळीचा बूट बरा. तुमच्याकडे ऑक्टोबरात बर्फ भुरभुरतो, तेव्हा तुला वॉटरप्रूफच हवा. आणि लेस चढताना वर थोडी सैल ठेव, उतरायला लागण्याआधी थांबून घोट्याशी करकचून आवळ. घाईत तू हे विसरशील, तुला मी ओळखते!

आणखी एक. महागडे बूट घेऊन पहिल्यांदा थेट डोंगरात नेऊ नकोस. आजच घे, भाजी आणायला घाल, जिने चढ-उतर कर, पायाला रुळू दे. रंग बघून भुलू नकोस, सवलतीला तर मुळीच नको. वर चढून जायला हौस पुरते, सुखरूप खाली यायला चांगला बूट लागतो. म्हणून उतरणीसाठी बूट घे, आणि डिसेंबरात येताना तोच पायात घालून ये. राजगडाला जायचंच आहे आपल्याला.

तुझीच