कधीच न आलेला गेम

गेले तीन वीकेंड मी एका अशा कॉम्प्युटर गेमच्या मागे लागलोय, जो कधी दुकानात आलाच नाही. नाव 'बायोनिकल : द लेजंड ऑफ माता नुई'. आईने ऐकलं आणि विचारलं, "ही कुठली रे नवीन माता?" मी म्हटलं, अगं, ते एका बेटाचं नाव आहे, लेगोच्या खेळण्यांच्या गोष्टीतलं. त्या बेटावर जो महान आत्मा झोपलेला असतो त्याचंही तेच नाव. "मग देवच की तो," म्हणून तिने टीव्हीचा आवाज वाढवला. अगदीच चुकली नव्हती म्हणा.

ज्यांना बायोनिकल माहीत नाही (म्हणजे माझ्या वयाचे बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी थोडक्यात. २००१ मध्ये लेगोने ही खेळणी बाजारात आणली. नेहमीच्या विटा नाहीत, तर जोडून उभे करायचे यांत्रिक योद्धे, प्रत्येकाच्या तोंडावर मुखवटा. मुख्य सहाजण, त्यांना म्हणायचं तोआ. ताहू आगीचा, गाली पाण्याची, कोपाका बर्फाचा, ओनुआ मातीचा, पोहातू दगडाचा आणि लेवा हवेचा (हा लेवा खानदेशातला नव्हे). नावं माओरी आणि आसपासच्या भाषांतून उचललेली. त्यावर माओरी लोकांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला आणि लेगोला काही नावं बदलावी लागली. खेळणी मात्र धो धो खपली. २००३-०४ मध्ये लेगो प्रचंड तोट्यात गेली, तेव्हा जे थोडं काही चालत होतं त्यात बायोनिकल होतं.

तर या खेळण्यांवर एक मोठा गेम यायचा होता. पीसीवर, आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर. बनवत होती अमेरिकेतल्या युटा राज्यातली सफायर नावाची कंपनी. सहाही तोआ घेऊन खेळायचं, बेटावर फिरायचं, शेवटी माकुटाशी लढाई. २००१ च्या अखेरीस येणार म्हणून जाहिरात झाली, ट्रेलर निघाले. आणि अगदी तोंडाशी येऊन गेम रद्द झाला.

गंमत अशी की याच सफायरने केलेला, गेमबॉय ॲडव्हान्सवरचा छोटा बायोनिकल गेम त्याच वर्षी रीतसर बाजारात आला. आणि न्यूयॉर्कच्या टेम्प्लर स्टुडिओने फ्लॅशमध्ये केलेला, ब्राउझरमध्ये फुकट खेळायचा एक साधा गेम महिन्या-महिन्याने हप्त्याहप्त्याने येत राहिला. टाकुआ नावाचा एक साधा गावकरी, त्याला घेऊन बेटभर हिंडायचं, लोकांशी बोलायचं, बस. जगभरच्या पोरांच्या डोक्यात माता नुई बेट वसलं ते या फुकटच्या गेममुळे. भपकेबाज थ्रीडी गेम मात्र डब्यात.

खेळण्यावर बेतलेल्या गेमचं एक त्रांगडं असतं. आपल्याकडे रिलीज डेट पुढे गेली की क्लायंट थोडा ओरडतो, आपण दोन शनिवार भरतो, गाडी पुढे. खेळण्यांना कॅलेंडर असतं. २००२ उजाडलं तेव्हा लेगोची गोष्ट पुढे सरकून बोहरोक नावाचे नवे किडे दुकानात आले होते. २००१ च्या गोष्टीवरचा गेम २००२ च्या दिवाळीत (त्यांच्या ख्रिसमसला) विकायचा म्हणजे शिळा फराळ. पुढे २००३ मध्ये आर्गोनॉट या कंपनीने केलेला बायोनिकल गेम आला, तो तेव्हाच्या सिनेमाच्या गोष्टीवर. पहिल्या गेमचं नाव कुणी काढायचं कारणच उरलं नाही.

चाहत्यांनी मात्र नाव सोडलं नाही. त्यांच्याकडे होतं काय, तर ट्रेलर आणि जाहिरातीतली चित्रं. त्यावरून चर्चा : हा डोंगर कोणाचा, हा मुखवटा कुठल्या लेव्हलमधला. मग कधीतरी जुलै २००१ ची एक अल्फा बिल्ड सापडली, अर्धवट. आणि २०१८ मध्ये ऑक्टोबर २००१ ची बीटा, म्हणजे रद्द व्हायच्या जवळपासची, सर्वांसाठी खुली झाली. सतरा वर्षं! तेव्हा जी पोरं आठ वर्षांची होती ती पंचविशीत, नोकरीला लागलेली. त्यांनी ती चालवून पाहिली तर जागोजागी क्रॅश. मग त्यांच्यातल्याच काही प्रोग्रॅमर मंडळींनी बसून तिची 'रीबिल्ट' नावाची आवृत्ती काढली. बग काढले, आजच्या विंडोजवर आणि रुंद स्क्रीनवर चालेल अशी केली. गेम शेवटपर्यंत खेळता आला.

हे वाचताना माझ्यातला सॉफ्टवेअरवाला खुर्चीत सरसावून बसला. सोर्स कोड नाही. डॉक्युमेंट नाही. विचारायला जुना माणूस नाही. नुसती मशीनला कळणारी फाईल घेऊन, हेक्स एडिटर उघडून, मेमरीत कुठे काय बसलंय ते ओळखत जायचं. दोन बिल्ड्सच्या फाईली शेजारी शेजारी ठेवायच्या : अल्फात हे होतं, बीटात नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी काढलं. नाव आहे पण कुठूनच बोलावली न जाणारी फाईल दिसली की समजायचं, इथे एक लेव्हल व्हायची होती. आपल्याला सोर्स मिळतो, दोन आठवडे केटी मिळतं (नॉलेज ट्रान्सफर हो, मुंबई युनिव्हर्सिटीवाल्यांनी दचकू नये), तरी आपण तिसऱ्या दिवशी म्हणतो, हे सगळं रीराईट करावं लागेल. :)

आणि ही काही परदेशातलीच तऱ्हा आहे असं नाही. आपल्या शेजारी, गोव्यात, फनस्कूलचा कारखाना. एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोने मिळून काढलेली ही कंपनी १९८७ ची. लहानपणी आपण ज्यांचे हात-पाय मोडले ते जी. आय. जो फनस्कूलचे. हॅस्ब्रोचे वापरून झालेले साचे इकडे यायचे आणि इकडे ते आपल्या सोयीच्या रंगात ओतले जायचे. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर, अमेरिकेत कधी न निघालेल्या रंगाचा गणवेश. आज तिकडचे संग्राहक पुठ्ठ्याच्या मागची छपाई आणि प्लॅस्टिकची छटा बघून कुठला पुतळा कुठल्या काळातला ते ठरवतात. आपल्या गल्लीत मिळणाऱ्या खेळण्याचा इतिहास दहा हजार मैलांवरचा माणूस लिहितोय. मला हे ऐकून अभिमान वाटावा की लाज, ते ठरलेलं नाही.

असो. मी या भानगडीत का पडलो ते सांगायचं राहिलं.

२००५ च्या सुमारास मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही मोबाईल गेम करायचो. आता मोबाईल गेम म्हटलं की वेगळं चित्र येतं डोळ्यांपुढे, म्हणून सांगतो : जावाचे गेम, पन्नास-नव्व्याण्णव रुपयांना जीपीआरएसवरून उतरवायचे. मुंबईत तेव्हा या धंद्याची धामधूम होती. १९९९ ची इंडियागेम्स तर इतकी वाढली की २०११-१२ मध्ये डिस्नीने विकत घेतली. नोकियाच्या सिरीज ४० च्या साध्या फोनवर अख्खा गेम ६४ केबीत बसवायचा. चित्रं, आवाज, कोड, सगळं. (देवनागरी अक्षराला तीन बाईट लागतात. हा लेखच त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा खाईल.) शिवाय प्रत्येक फोनचा स्क्रीन वेगळा, बटणं वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी बिल्ड.

तिथे एका परदेशी खेळण्यातल्या मोटारींवरचा रेसिंग गेम आम्ही पाच महिने केला. एकतीस हँडसेट. मग क्लायंटकडून मेल आला की या सीझनला नको, आणि पुढचा सीझन कधी आलाच नाही. कंपनीही पुढे बंद पडली. सर्व्हर भंगारात गेले असणार, दुसरं काय.

त्या गेमची चित्रं काढणारा माझा मित्र जे. जे.त शिकलेला. चोवीस बाय सोळा पिक्सेलची गाडी, सोळा कोनांतून, प्रत्येक पिक्सेल हाताने. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. वहिनी आणि मुलगी इथेच सीवूड्सला, सेक्टर ४८ मध्ये असतात. मुलगी आता अकरावीत, डिझाईनला जायचं म्हणते, पोर्टफोलिओ करते. महिन्यापूर्वी तिचा मेसेज आला : "काका, बाबांच्या सीव्हीत चौदा गेम लिहिलेत. त्यातला एखादा बघता येईल का कुठे?"

मी शोधलं. चौदांपैकी दोघांचे अंगठ्याएवढे फोटो सापडले. बाकी शून्य. ज्या पोर्टलवरून ते विकले जायचे ती बंद, ज्या फोनांवर खेळले गेले ते बोहारणीच्या नाही तर भंगारवाल्याच्या टोपलीत. आणि हे *आलेले* गेम बरं का! न आलेल्याचं विचारूच नका. रद्द झालेले गेम लोक शोधतात तरी कसे, असा प्रश्न टाईप केला आणि माता नुईवर पोचलो. पुढचे वीकेंड असे गेले.

त्या सगळ्या वाचनातून एक गोष्ट डोक्यात बसली. अशा बिल्ड्स बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर सापडत नाहीत. टेस्टरच्या, प्रोग्रॅमरच्या, परीक्षणासाठी कॉपी मिळालेल्या पत्रकाराच्या घरी सापडतात, खणात, माळ्यावर. ऑफिसात तेव्हा हँडसेट अपुरे पडायचे, म्हणून स्वतःच्या फोनवर टेस्ट करायची पद्धत होती. माझा होता नोकिया ६६००.

माळ्यावरच्या खोक्यात तो निघाला. बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलेलं. पण बीएल-५सी ही बॅटरी अमर आहे, अजून रेडिओत घालतात. सीवूड्स-दारावे स्टेशनबाहेरच्या दुकानात दोन मिनिटांत मिळाली. दुकानदार पोराने फोन हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला आणि म्हणाला, "काका, जाड पिनचा चार्जर पण देऊ?" फोन चालू झाला, पण सिम घातल्याशिवाय पुढे जाईना. आईचं सिम काढलं, अडॅप्टरमध्ये बसवलं. दोन हात एकमेकांना भेटले, नोकियाची धून वाजली, आणि तारीख विचारली. मेनूत खाली, गेमच्या फोल्डरमध्ये, आमच्या तात्पुरत्या आयकॉनसकट तो होता.

आता तुम्ही विचाराल, हे सगळ्यांसाठी खुलं करणार का? नाही. कंपनी बंद झाली तरी गाड्यांची नावं आणि चित्रं दुसऱ्या कुणाची आहेत, आणि आम्ही सह्या केलेल्या आहेत. माता नुईवाल्यांनी केलं ते मला आवडलं, पण तो त्यांचा निर्णय. शिवाय आमचा गेम कुणी शोधतही नाहीये. शोधणारी एकच होती, आणि तिला बघायला इंटरनेट लागत नव्हतं.

रविवारी फोन घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोघी सोफ्यावर जवळजवळ बसल्या, कारण स्क्रीन आहेच केवढा, १७६ बाय २०८. गेममध्ये आधी गॅरेज येतं, तिथे गाडी मोठी दिसते. पोरीने पहिला प्रश्न विचारला तो रंगांचा : सावलीला जांभळा का वापरलाय? मी सांगितलं, काळा वापरला की एवढ्याशा चित्रात भोक पडल्यासारखं दिसतं, असं तुझे बाबा म्हणायचे. तिने स्वतःच्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला आणि मोठा करून पिक्सेल मोजायला लागली.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हा नंबर बघितला का?" गाडीच्या पाटीवर चार आकडे होते. मी पाच महिने तो गेम रोज बघितलेला, मला ते नुसते आकडे वाटायचे. "आमच्या कायनेटिकचा आहे. लग्नाआधीची."

मग चहा झाला, पोहे झाले. मुलीने दोन ट्रॅक खेळून पूर्ण केले. गाडी वळणावर वळते तेव्हा ती थांबवून बघत होती, सोळा कोन खरंच आहेत का ते.

फोन सध्या त्यांच्याकडेच ठेवलाय. आईला आज नवीन सिम घेऊन दिलं. संध्याकाळी पोरीचा फोन आला, "काका, तिसऱ्या ट्रॅकवर अडकलाय, कुठलंच बटण चालत नाहीये." म्हटलं, मागचं झाकण उघड, बॅटरी काढ, दहापर्यंत मोज आणि परत घाल.