दीड मिनिटाची खुर्ची

पंचवीस वर्षं हातात रॅकेट धरून खेळलो आणि गेल्या चार वर्षांपासून आमच्या क्लबच्या संघाचा न खेळणारा कर्णधार आहे. पहिल्या दिवशी कोर्टालगतच्या खुर्चीत बसलो तेव्हा हातांचं काय करायचं तेच कळेना. समोर पोरगा बॅकहँड उशिरा मारत होता आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवरून फिरत होता. शेजारच्या पंचांनी दोनदा वळून पाहिलं.

बाजू बदलताना खेळाडूला मिळतात नव्वद सेकंद. त्यात चालत येणं, टॉवेल, पाणी, केळ्याचा एक घास. धाप लागलेल्या माणसाच्या कानात त्या वेळी काही शिरत नाही. सुरुवातीला मी पाच-पाच सूचना कोंबायचो. एकदा संघातली पोरगी घाम पुसता पुसता म्हणाली, ‘‘सर, एकच सांगा ना.’’ तेव्हापासून एकच सांगतो. कधी तेही नाही. नुसती बाटली उघडून हातात देतो.

व्यावसायिक टेनिसमध्ये वर्षानुवर्षं सामना चालू असताना प्रशिक्षकाला खेळाडूशी बोलायची बंदी होती. देशांच्या संघांच्या डेव्हिस कपचं तसं नाही. तिथे कर्णधार कोर्टावरच बसतो. वर्षभर एकट्याने लढायची सवय झालेल्या खेळाडूशेजारी अचानक एक माणूस येऊन बसतो, तोही कालपरवापर्यंत त्याच्याच बरोबर खेळलेला. ही गोष्ट अवघड आहेच. पण त्याहून अवघड काम सामन्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं : कोण खेळणार त्यांची नावं देण्याचं.

त्या बाबतीत महेश भूपतीचं उदाहरण मला सारखं आठवतं. १९९७ मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून तो ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय झाला. १९९९ मध्ये लिएंडर पेसबरोबर त्याने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं. डेव्हिस कपमध्ये या जोडीने दुहेरीचे ओळीने २४ सामने जिंकले. पुढे दोघांचं फाटलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या डेव्हिस कप लढतीला मी पुण्यात बालेवाडीला होतो. आनंद अमृतराज यांची कर्णधार म्हणून ती शेवटची लढत. पेसचे डेव्हिस कपच्या दुहेरीत ४२ विजय झालेले. इटलीच्या पिएत्रांजेलीच्या विक्रमाशी बरोबरी. ४३वा पुण्यातच होणार म्हणून लोक आले होते. पेस आणि विष्णुवर्धन हरले. भारताने लढत जिंकली, तरी स्टँडमधून उतरताना लोक दुहेरीबद्दलच हळहळत होते.

एप्रिलमध्ये बंगळूरला उझबेकिस्तानविरुद्ध कर्णधाराच्या खुर्चीत भूपती होता. त्याने दुहेरीला रोहन बोपण्णा आणि श्रीराम बालाजी यांना उतरवलं आणि पेसला राखीव ठेवलं. ती जोडी सरळ सेटमध्ये जिंकली. निर्णय खेळाच्या हिशेबाने बरोबरच होता, असं मला वाटतं. नंतर भूपती आणि पेसमधलं बोलणं चव्हाट्यावर आलं, ते मात्र यायला नको होतं. कर्णधाराने मूग गिळायचे असतात.

पण गोष्ट तिथे संपत नाही. एप्रिल २०१८ मध्ये तियानजिनला चीनविरुद्ध भारत ०-२ असा मागे होता. दुहेरीला बोपण्णाबरोबर पेस उतरला. पहिला सेट गेला, पुढचे दोन टायब्रेकवर जिंकले. ४३वा विजय, जागतिक विक्रम. नंतरच्या दोन्ही एकेरी जिंकून भारताने लढत ३-२ अशी काढली. खुर्चीत बसलेला कर्णधार तोच होता, भूपती.

मीही एकदा माझ्या जुन्या जोडीदाराला वगळलं. अकरा वर्षं आम्ही दुहेरी खेळलो होतो. मी सर्व्ह कुठे टाकणार हे तो माझ्या खांद्यावरून ओळखायचा. गुडघा गेला होता त्याचा. मला समोर जाऊन सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून यादी फळ्यावर लावली आणि निघून आलो. त्याने ती वाचली, मला फोन केला आणि म्हणाला, ‘‘अरे, नाव काढलंस ते ठीक. पण फळ्यावर?’’

सामन्याला तो आला, मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता. माझ्याशी बोलला नाही.

आता नाव वगळायचं असेल तर आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्या माणसाच्या घरी जातो. परवाच्या सामन्यासाठी उद्या पुन्हा एका दारात उभं राहायचं आहे.