मतलईच्या भरवशावर

मुंबईहून गोव्याला शिडावर जाणं सोपं आहे. हिवाळ्यात दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी घ्यायचा आणि दक्षिणेला चालत राहायचं. सव्वादोनशे सागरी मैल कसे सरतात ते कळत नाही. खरा प्रवास परतीचा. आता तोच वारा नाकासमोर येतो, आणि बरेच जण इथे शिडं गुंडाळून इंजिन लावतात. मला ते पटत नाही. डिझेल जाळून दीड दिवसात घरी पोहोचता येतं, पण हा किनारा शिडाच्या होडीला जे जे शिकवू शकतो ते सगळं या परतीच्या वाटेवरच आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत कोकण किनाऱ्याला दिवसाला दोन वारे असतात. ऊन चढलं, जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा येतो. दुपारी तीन-चारला त्याचा जोर १५ नॉटच्या वर जातो आणि रात्री जेवणवेळेच्या सुमारास तो पडतो. मग मधला एक निर्वात काळ. जमीन समुद्रापेक्षा गार झाली की मध्यरात्रीनंतर मतलई सुटते, ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून, आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. जोर कमी, पण वारा आडवा. गोवा ते मुंबई हा किनारा सरळ उत्तरेला जात नाही, किंचित पश्चिमेकडे कलतो. त्यामुळे मतलई होडीला उजव्या बाजूने लागते, आणि आठ नॉटच्या वाऱ्यावरही होडी चार-पाच नॉटने आपल्या वाटेवर सरळ चालते. एकही टॅक मारावा लागत नाही, म्हणजे वाऱ्याची बाजू बदलून वळावं लागत नाही.

दुपारचं गणित वेगळं. समोरच्या वाऱ्यात कुठलीच शिडाची होडी थेट घुसत नाही. माझी फार तर वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून चालते. वारा उजवीकडे घेतला तर ती सरळ पश्चिमेला, अरबी समुद्रात निघते. डावीकडे घेतला तर उत्तरेला, पण हळूहळू किनाऱ्याकडे झुकत. म्हणून दिवसाची आखणी आदल्या रात्रीच करावी लागते: पहाटेच्या मतलईवर उत्तरेला चालता चालता थोडं बाहेर सरकून घ्यायचं, म्हणजे दुपारी किनाऱ्याकडे झुकायला जागा उरते, आणि खारा वारा पडेल तेव्हा होडी जमिनीपासून तीन-चार मैलांवर असते. तिथे पुढची मतलई पोहोचते. हावरेपणाने १५ मैल बाहेर राहिलेली होडी रात्रभर शिडं फडफडवत बसते. जुने तांडेल गलबतं याच हिशेबाने उत्तरेला नेत. मी चार्टवर वीस मीटर खोलीची रेघ धरून विचार करतो. दक्षिणेला ती किनाऱ्याच्या जवळ असते, मुंबईकडे येता येता खूप बाहेर सरकते, आणि तसतसा आपला हिशेबही बदलतो.

मधल्या निर्वात काळाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. वारा नाही, पण दुपारच्या लाटा अजून शिल्लक; होडी या कुशीवरून त्या कुशीवर लोळते, बूम दोरी ताणून धडकते, ओट्यावरची भांडी वाजतात. मेनसेल मध्यात घट्ट बांधायचं, जिब गुंडाळायचं आणि लक्ष ठेवायचं. देवगडच्या बाहेर मतलई आधी नाकाला कळते. वाळत घातलेल्या मासळीचा उग्र वास, मग कुठे तरी पेटवलेल्या पाल्यापाचोळ्याचा धूर, आणि एखाद्या रात्री त्या सगळ्याखालून आंब्याच्या मोहोराचा वास. शिडाच्या कडेला लावलेल्या लोकरीच्या दोऱ्या तेव्हाही लोंबतच असतात. मग उजव्या गालाला गारवा लागतो. पाच-दहा मिनिटांत दोऱ्या मागे उडू लागतात, जिब उघडायचं, शीट विंचवर ओढायची, आणि इतका वेळ लोळणारी होडी एका बाजूला किंचित कलून स्थिर होते. पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव असले तर सुकाणूमागे निळसर रेघ उमटते. खाली झोपलेल्यांची कूसही तेव्हाच सावरते.

किनाऱ्याची सोबत दिलासा देते असं नवख्यांना वाटतं. होडीला मात्र धोका असतो तो जमिनीचा, आणि जमिनीजवळच्या गर्दीचा. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्या त्या धैर्यापुढे माझा किनारी प्रवास काहीच नाही. पण भर समुद्रात ऑटोपायलटच्या हाती होडी देऊन माणूस थोडं झोपू शकतो. मालवणच्या बाहेर तसं कुणी झोपू नये. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत. दक्षिणेला निवती रॉक, म्हणजेच वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह, जिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. आणि सगळीकडे जाळी. जाळ्याच्या एका टोकाला होडी, दुसऱ्या टोकाला लुकलुकणारा दिवा, मधली बोयांची लांब माळ अंधारात दिसतच नाही. जवळ गेलं की बॅटरीचा झोत हलतो आणि हाक येते, “ओ, भायरसून जावा! हय जाळी हत!” अशा वेळी वाद घालायचा नाही, नियम सांगायचे नाहीत. ते त्यांचं शेत आहे. हात वर करून ‘होय’ म्हणायचं आणि टॅक मारून बाहेरून जायचं, मतलईचा अर्धा तास वाया गेला तरी.

म्हणून आमच्याकडे तीन-तीन तासांच्या पाळ्या, आणि पाळी बदलण्याला मी सर्वांत जास्त मान देतो. उठणारा आधी आलं घातलेला चहा घेतो, लाइफजॅकेट आणि टेदर अडकवतो, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसता बसतो. मग जाणारा बोलतो: वारा कुठून, वाढतोय की पडतोय, कुठलं दीपगृह दिसतंय आणि त्याचे झोत मोजले का, कुठला दिवा सरकतोय आणि कुठला जागेवर आहे. हे सगळं जीपीएस आणि एआयएसच्या पडद्यावरही असतं, अर्धंमुर्धं. छोट्या मच्छीमार होड्या त्यावर अनेकदा नसतातच. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी बंककडे जात नाही. माझ्या होडीवर हा एकच नियम मी कडकपणे पाळायला लावतो; बाकी मेतकूट-भात खावा की खिचडी, भांडी खाऱ्या पाण्यात कुणी घासावी, हे ज्याचं त्याने ठरवावं. गोडं पाणी मात्र पिण्याला आणि कुकरला.

चौलचा किनारा मागे पडला की खांदेरी दिसतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची माणसं तिथे किल्ला बांधत होती आणि इंग्रजांची जहाजं बाहेर पहारा देत होती. मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या वल्ह्यांवर, रात्रीच्या अंधारात, त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, भरपूर वारा लागतो. या होड्यांना दोन्ही लागत नव्हतं. पराक्रमाच्या कथांमध्ये हे फारसं येत नाही, पण तिथून जाताना मला तो पराक्रम वारा आणि पाणी ओळखण्याचाच वाटतो.

खांदेरीला मी पहाटे पोहोचायचं टाळतो. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. गोव्यात जेमतेम दोन. ओहोटीला बंदरातून बाहेर येणाऱ्या पाण्याची ओढ तीन नॉटपर्यंत जाते, आणि त्यात पहाटेची मतलईही समोरून. तेव्हा भरतीचं कोष्टक बघून मागेच रेवदंड्याच्या बाहेर वेग कमी करायचा, दुपारची भरती गाठायची. खांदेरीपासून बंदराची वाट ईशान्येकडे वळते, त्यामुळे वायव्येचा वारा इथे आडवा मिळतो आणि भरती मागून ढकलते. डावीकडे प्रॉन्ग्जचं दीपगृह आणि त्याखालचा खडक लांब ठेवून, मांडव्याच्या लाँचींना आणि मोठ्या जहाजांना वाट देत, सहा नॉटने आत यायचं, इंजिन न लावता.